नानांचा भुरका

नानांचा भुरका मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, कुठेतरी कॉम्प्रेसरची नळी फुटली. नाशिकजवळ अंबडच्या कारखान्यात लागून मला चारच दिवस झाले होते. कँटीनमध्ये ताट घेऊन बसतोय तोच पलीकडून हवा सुटल्यासारखा लांबलचक आवाज आला आणि शिकाऊ इंजिनिअरच्या उत्साहाने मी ताडकन उठलो. शेजारी बसलेल्याने माझा शर्ट धरून मला खाली बसवलं.

"काही फुटलेलं नाही. नाना आमटी पितायत."

नाना आमच्या टूलरूमचे प्रमुख. आमच्याकडे मोटारींचे पत्र्याचे लहान लहान भाग बनत. ते ज्या पोलादी साच्यांत ठोकले जात ते साचे, म्हणजे कारखान्याच्या भाषेत डाय, नानांच्या हाताखाली तयार होत. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. मालकापासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना नाना म्हणत, आणि नाना मालकापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना अरे-तुरे करत. मालकांना "अरे शेठ" म्हणत, एवढाच काय तो फरक.

नाना आमटी प्यायला लागले की आधी वाटी ओठांना लावून एक छोटीशी चाचपणी व्हायची. मग मुख्य भुरका. तो ते श्वास संपेपर्यंत ओढत. आणि वाटी खाली ठेवताना तृप्तीचा एक 'हाऽऽ'. प्रेसच्या दणक्यात आठ तास काढून कान बधिर झालेले कामगारसुद्धा हा आवाज ओळखायचे. ऑफिसर लोकांचं टेबल आधी नानांपासून दोन टेबलं लांब नेलं, मग खांबापलीकडे नेलं, आणि शेवटी मध्ये प्लायवूडचं पार्टिशन घातलं. पार्टिशन लागलं त्या दिवशी नाना मुद्दाम उठून ते बघायला गेले. कडेवरून अंगठा फिरवून काटकोन बघितला आणि म्हणाले, "गुण्यात नाय बसलं. डावीकडं झुकलंय."

त्यांना ते आपल्यासाठी घातलंय हे कळलं नव्हतं, की कळूनही त्यांनी सुताराचीच चूक महत्त्वाची मानली, हे मला आजही सांगता येणार नाही.

अंगठा हे नानांचं खरं हत्यार. कारखान्यात मोजमापाची चांगली साधनं होती, पण नाना आधी अंगठा फिरवायचे. पत्र्याच्या कडेला, डायच्या धारेवर, टेबलाच्या सनमायक्यावर, हंगामात द्राक्षाच्या मण्यावर. त्यांच्या भावाची निफाडकडे द्राक्षबाग होती. नाना फेब्रुवारीत टूलरूममध्ये पेटी आणून ठेवायचे आणि एकेक मणी चाचपून वाटायचे. "हा तुला नाय. हा परवाच्याला होईल. परवा ये." माणूस खरंच परवा यायचा आणि नाना खरंच तोच मणी काढून द्यायचे, निदान तसं म्हणायचे तरी.

एकदा क्वालिटीच्या साहेबांनी आकडे दाखवणारा नवाकोरा मायक्रोमीटर आणला आणि सगळ्यांसमोर एक तुकडा मोजून दाखवला. नानांनी तोच तुकडा अंगठ्याने चाचपला. "दोन शतांश जास्त सांगतोय तुझा." साहेब हसले. दुसऱ्या दिवशी मायक्रोमीटर तपासणीला गेला आणि तिथून चिठ्ठी आली की यंत्र दोन शतांश जास्त दाखवतं. त्यावर साहेब "थँक्यू नाना" म्हणाले तर नाना वैतागले. त्यांना थँक्यू हा शब्दच खपत नसे. "थँक्यू म्हणला की मिटलं. मिटवायची घाई कशाला?"

तर अशा माणसाला जपानला पाठवायचं ठरलं, आणि कारखान्यात दोन तट पडले.

त्याचं असं झालं की एका जपानी कंपनीशी आमचा करार झाला. त्यांचे काही भाग आमच्याकडे बनणार होते. त्यासाठी लागणाऱ्या डाय नाशिकलाच करायच्या, आणि त्या कशा करायच्या हे शिकायला दोघांनी तीन आठवडे तिकडे जायचं. काम करणारे नाना, आणि इंग्रजी बोलणारा मी. डाय जमल्या तर टूलरूम वाढणार होती. नाही जमल्या तर त्या तिकडूनच तयार येणार आणि आमच्या टूलरूमला दुरुस्तीशिवाय काम उरणार नव्हतं. तिथे बावीस माणसं होती. नानांना हे माहीत होतं, पण ते त्याविषयी कधी बोलले नाहीत.

आमच्या पर्सोनेल मॅनेजरांना मात्र काळजी वेगळीच होती. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"ते लोक फार शिस्तीचे असतात. नाना त्यांच्यासमोर जेवायला बसले तर करार जाईल आपला."

"मग काय करायचं सर?"

"तू लक्ष ठेव. आणि तिथून मला फॅक्स करून कळव."

शिवाय त्यांनी कॉलेज रोडच्या एका मॅडमना बोलावून टेबल मॅनर्सचा वर्ग ठेवला. विद्यार्थी दोनच. मॅडमनी सूप पिऊन दाखवलं. चमचा कडेने ओठाला लावायचा, आवाज अजिबात नाही. नाना मन लावून बघत होते. त्यांनी हात वर केला.

"मॅडम, आवाज नाय केला तर गरम हाय का गार हे कसं कळणार?"

"फुंकर मारायची नाही, थोडं थांबायचं."

"आणि थांबलं की गार होतं."

"हो."

"मग गरम केलं कशाला?"

मॅडमनी पर्सोनेल मॅनेजरांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकूण पाच तास झाले त्या वर्गाचे. नानांनी शेवटी शेवटी आवाज न करता एक चमचा पिऊन दाखवला, पण त्यानंतर त्यांचा चेहरा औषध घेतल्यासारखा झाला होता.

जपानमधलं ते गाव म्हणजे त्यांचं अंबडच. कारखाने, सरळ रस्ते, सायकलींच्या रांगा. आम्हाला शिकवायला एक पन्नाशीचे गृहस्थ होते. नाना त्यांना पहिल्या दिवसापासून 'मास्तर' म्हणायला लागले. मास्तरांना इंग्रजी बेताचंच येत होतं. नानांनी घासून आणलेला तुकडा ते मोजायचे आणि म्हणायचे, "नो गुड. अगेन." नाना परत घासायचे. पुन्हा "नो गुड. अगेन." मी वैतागायचो, नाना नाही.

"मास्तरला दोनच वाक्यं येतात," ते म्हणाले, "पण दोन्ही खरी हायेत."

जेवणाची गोष्ट मात्र अवघड होती. कारखान्याच्या कँटीनमध्ये महिनाभर आधी नाव द्यावं लागायचं, ते आमचं कोणी दिलं नव्हतं. कंपनीने आम्हाला दिलेला भत्ता मोठ्या हॉटेलात पुरणारा नव्हता. गेटसमोर एक स्वस्त जेवणाचं दुकान होतं. पुढे आम्हाला कळलं की तसलीच पाटी, तसलेच स्टूल, तसलेच ट्रे असलेली दुकानं त्या देशात गावोगाव आहेत. आत शिरलं की एक मशीन. त्यावर पदार्थांची चित्रं आणि बटणं. पैसे टाकायचे, बटण दाबायचं, चिठ्ठी निघते ती काउंटरवरच्या बाईंना द्यायची. सगळ्यात स्वस्त पदार्थ डावीकडे अगदी खालच्या बटणावर होता, आणि तीन आठवडे आम्ही तेच बटण दाबलं.

पहिल्या दिवशी आम्ही दार ढकललं आणि आतले सगळे कामवाले एका सुरात काहीतरी ओरडले. मी दचकून मागे सरलो. नाना हात वर करून म्हणाले, "हां हां, बसा बसा. चालू द्या तुमचं." तिथे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं असंच स्वागत होतं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. नानांना सांगितलं, पण त्यांनी उत्तर देणं सोडलं नाही.

दाराशी काचेच्या कपाटात सगळ्या पदार्थांचे प्लास्टिकचे नमुने मांडले होते. नाना त्यांच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं भूक लागलीय.

"बघ रे इंजिनेर, याचं फिनिशिंग," ते म्हणाले. "कांद्याच्या पातीवरची रेघसुद्धा आलीय. ही डाय कोणी केली असंल?"

मग ट्रे आला. मोठ्या वाडग्यात गरम रस्सा, त्यात लांब लांब शेवया, वर थोडी कांद्याची पात. नानांनी काड्यांनी एक शेवई उचलून उजेडात धरली.

"हे तर आपले शेंगोळे! नुसतं वळायचा आळस केलाय."

शेंगोळे म्हणजे आमच्याकडे हुलग्याच्या पिठाच्या वळ्या करून तिखट रस्स्यात शिजवतात ते. थंडीत निफाडकडे घरोघर होतात. इथला रस्सा कशाचा होता हे मी विचारलं नाही. आजपर्यंत विचारलेलं नाही, आणि माझ्या आईला तर मुळीच सांगितलेलं नाही.

मी मॅडमचं स्मरण करून बिनआवाजी खायला लागलो. नानांनीही डोळे मिटून सुरुवात केली. बिचारे खरंच प्रयत्न करत होते. आणि तेवढ्यात आमच्या डाव्या बाजूने आवाज आला. मग उजव्या बाजूने. मान वर करून पाहिलं तर काउंटरवर ओळीने बसलेली बारा-पंधरा माणसं, कोणी कोट घातलेली, कोणी कारखान्याच्या कपड्यांतली, सगळी भुरके मारत होती. एकजात, मोकळ्या घशाने, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असे.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. बराच काळ परदेशात राहून गावच्या स्टँडवर उतरलेल्या माणसाचे डोळे असतात ना, तसे त्यांचे डोळे झाले. त्यांनी वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि अंबडच्या कँटीनमध्ये मी ऐकले होते त्या सगळ्या भुरक्यांचा आजोबा शोभेल असा भुरका मारला.

काउंटरवरची दोन-तीन डोकी वळली. त्या नजरेत राग नव्हता. पंगतीत एखादा चांगला जेवणारा बसला की यजमान बघतो, तशी ती नजर होती. काउंटरवरच्या बाई हसून वाकल्या. मग त्या माझ्याकडे आल्या, माझ्या वाडग्याकडे बोट दाखवून त्यांनी काळजीने काहीतरी विचारलं. मला समजेना.

"आवाज कर की," नाना म्हणाले. "बाईला वाटतंय तुला आवडलं नाय."

मला भुरका मारता येत नव्हता. मी प्रयत्न केला आणि मला ठसका लागला. त्या दिवशी संध्याकाळी मी पर्सोनेल मॅनेजरांना फॅक्स केला : 'नानांच्या टेबल मॅनर्सबाबत येथील लोकांनी समाधान व्यक्त केले आहे. माझ्या बाबतीत सुधारणेस वाव आहे.'

मास्तरही रोज तिथेच जेवायचे. अगदी टोकाच्या स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून. भुरके तेही मारायचे, पण भराभर, आणि पाच मिनिटांत उठून जायचे. आम्हाला बघून मान हलवायचे, बोलायचे नाहीत.

पहिला आठवडा संपत आला तसे नाना गप्प गप्प राहायला लागले. मला वाटलं, रोजच्या 'नो गुड'चा परिणाम. पण कारण वेगळं होतं.

"उद्या रविवार," ते म्हणाले. "रविवारी आईकडं जेवायचं असतं माझं."

नानांची बायको-मुलं सिडकोत राहायची, पण रविवारी दुपारी नाना स्कूटर काढून गावाला जायचे, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं. त्यामागची गोष्ट मात्र मला त्या दिवशी कळली. नानांच्या आईला बारा वर्षांपासून दिसत नव्हतं. मुलगा जेवायला बसला की ती ताटाजवळ बसायची आणि ऐकायची. भुरक्यावरून तिला कळायचं की आमटी जमलीय की नाही, पोराला भूक किती आहे, आणखी वाढायचं की पुरे.

"मॅडमनी शिकवलं तेव्हा एका रविवारी मी घरी सराव केला," नाना म्हणाले. "आवाज न करता जेवलो. तर आई म्हणली, जेवत का नाय? म्हणलं, जेवतोय. तिनं वाटीत बोट घालून बघितलं, वाटी रिकामी. मग माझ्या कपाळाला हात लावला. म्हणली, घशाला काय झालंय, डॉक्टरला दाखव. सोमवारपर्यंत दोनदा निरोप आला गावावरून."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही नेहमीच्या वेळी दुकानात गेलो. मास्तर टोकाच्या स्टुलावर होतेच. नाना म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी पण इथंच? घर नाय का याला?" आणि मग मला बाजूला घेऊन त्यांनी आपला बेत सांगितला. दाराजवळ सार्वजनिक फोन होता. त्यांनी फोनचं कार्ड घेऊन ठेवलं होतं. गावाकडे तेव्हा सकाळचे नऊ वाजत होते आणि ठरल्याप्रमाणे भावाने आईला मोटारसायकलवर मागे बसवून एसटीडी बूथवर आणलेलं होतं.

नानांनी वाडगा उचलला आणि दाराकडे चालायला लागले. काउंटरवरच्या बाई किंचाळल्या. तीन आठवड्यांत तेवढीच एकदा. त्यांना वाटलं, माणूस वाडगा घेऊन पळाला. मी मध्ये उभा राहून एका हाताने फोन, दुसऱ्या हाताने वाडगा असं काहीबाही करून दाखवलं. मला येताना घेतलेल्या जपानी शब्दांच्या पुस्तिकेतला एकच उपयोगी शब्द आठवला, 'ओकासान', म्हणजे आई. तो मी चार वेळा म्हणालो. बाईंना काय समजलं देव जाणे, पण त्यांनी जाऊन दुकानातलं गाणं बंद केलं.

नानांनी रिसीव्हर कानाला लावला.

"आई, जेवतोय हां. ऐक."

आणि रिसीव्हर वाडग्याजवळ धरून त्यांनी भुरका मारला. आधी चाचपणी, मग तो लांबलचक मुख्य भुरका, मग 'हाऽऽ'. सगळं दुकान थांबलं होतं. काड्या हवेत, शेवया अर्ध्या तोंडात. मग पलीकडे निफाड तालुक्यातून आईचा आवाज आला. जपान लांब आहे म्हणून ती ओरडून बोलत होती, त्यामुळे मलाही स्वच्छ ऐकू आलं.

"पातळ हाय रे!"

"हां आई, इकडं पातळच करतात."

"तिखट नाय?"

"नाय. वरून घ्यायचं."

"मग दुसरीकडं जेव की! गावात एकच हाटेल हाय का?"

नानांनी आणखी दोन भुरके ऐकवले. आईने मग पोट भरलं असं जाहीर केलं आणि फोन ठेवला. नाना वळले तर गिऱ्हाइकं त्यांच्याकडेच बघत होती. कोणीतरी हळूच टाळी वाजवली. नाना म्हणाले, "बसा बसा, जेवा," आणि आपल्या स्टुलावर जाऊन उरलेलं संपवलं.

मास्तर मात्र त्या दिवशी लवकर उठले नाहीत. जाताना माझ्याजवळ थांबून त्यांनी विचारलं, "मदर?"

"येस."

"शी लिसन?"

"एव्हरी संडे," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि छत्री विसरून निघून गेले.

आणखी दोन रविवार तसा फोन झाला. बाई आपण होऊन गाणं बंद करायच्या, आणि नानांसाठी तिखटाची वेगळी डबी भरून ठेवायच्या. निघायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी नानांचा तुकडा मोजला, परत मोजला आणि म्हणाले, "गुड." कामाबद्दलचं हे त्यांचं तिसरं वाक्य.

चार-पाच महिन्यांनी आम्ही नाशिकला केलेल्या डाय तपासायला मास्तर स्वतः आले. पहिल्या दिवशी त्यांना मोठ्या हॉटेलात दुपारचं जेवण दिलं. नानांना बोलावलं नव्हतं. टोमॅटोचं सूप आलं. आमचे सगळे साहेब चमचा कडेने ओठाला लावून प्यायला लागले, आणि मास्तरही तसेच, पाठ ताठ करून, थेंबाचाही आवाज न करता. त्यांच्या कंपनीनेही त्यांना पाठवण्याआधी परदेशी शिष्टाचाराचा वर्ग घेतला होता, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पर्सोनेल मॅनेजरांनी माझ्याकडे 'बघितलंस?' अशा नजरेने पाहिलं. टेबलावर कोणालाच ते सूप आवडलेलं दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. तीन डाय होत्या. मास्तरांनी एक पास केली आणि दोन नापास केल्या. टूलरूममध्ये कोणी कोणाकडे बघेना. बावीस माणसांची भाकरी त्या दोन तुकड्यांवर होती. नाना खाली बसून नापास डायच्या धारेवर अंगठा फिरवत राहिले. बऱ्याच वेळाने उठून म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. मला पण शंका होती."

मग मास्तर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "हिज मदर. हाऊ फार?"

मी पर्सोनेल मॅनेजरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "आता कशाला? डाय नापास झाल्यात!"

"डाय नापास झाली," नाना म्हणाले. "आई नाय झाली. गाडी काढ."

आम्ही गावी पोचलो. घरी नानांच्या भावजयीने शेंगोळे केले होते, बाजरीची भाकरी, कांदा. मास्तर खाली व्यवस्थित मांडी घालून बसले. नानांची आई ताटाजवळ येऊन बसली. हाडाची काटक बाई, डोळ्यांत पांढुरकं आलेलं, मान किंचित एका बाजूला कललेली. मास्तरांनी वाटी उचलली आणि वर्गात शिकवल्याप्रमाणे बिनआवाजी खायला सुरुवात केली.

"पाहुणा जेवत का नाय?" आईने विचारलं.

"जेवतोय आई."

"मग आवाज कुठाय?"

नाना मास्तरांकडे वळले. "मास्तर, इकडं चालतं," असं मराठीत सांगून त्यांनी स्वतः एक भुरका मारून दाखवला. मास्तरांना एवढी परवानगी पुरली. त्यांनी वाटी तोंडाला लावून ओढलं, काळा मसाला घशाला लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पण ते थांबले नाहीत. भराभर, एकामागून एक. आई ऐकत होती. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तशी.

"हा लय घाईत जेवतो," ती शेवटी म्हणाली. "शेजारी कोणी नसलं की असं जेवतं माणूस. कोणी नाय का याला?"

मी घुटमळलो. पाहुण्याला हे कसं सांगायचं?

"सांग की," नाना म्हणाले. "ती काय खोटं बोलली का?"

मी सांगितलं. मास्तरांनी वाटी खाली ठेवली. तुटक इंग्रजीत म्हणाले की बायको आहे, दोन मुली आहेत, पण त्या दुसऱ्या गावाला. कंपनीने बदली केली तेव्हा मुलींची शाळा होती. अकरा वर्षं झाली. महिन्यातून एकदा जातो.

मी ते मराठीत सांगितलं. आईने कपाळाला हात लावला.

"अकरा वरसं? मग घरी जा म्हणावं याला! डाय नापास करायला तिथं दुसरं कोणी नाय का?"

हे मी जमेल तेवढं सभ्य करून इंग्रजीत घातलं. मास्तरांनी माझ्याकडे, मग आईकडे पाहिलं. त्यांना बहुधा सभ्य केलेला भाग गाळून मूळ वाक्य समजलं, कारण ते हसायला लागले. तीन आठवडे जपानात आणि दोन दिवस नाशकात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांना ठसका लागला. आईने चाचपडत त्यांच्या पाठीवर हात फिरवला आणि सुनेला म्हणाली, "वाढ अजून. आता हळू जेवंल."

खरंच हळू जेवले.

नंतरचे तीन आठवडे नानांनी टूलरूम सोडली नाही. दोन्ही डाय पुन्हा घासल्या. त्यांतून काढलेले नमुने जपानला पाठवले. आम्ही रोज फॅक्स मशीनजवळ चकरा मारायचो. एका सकाळी कागद आला. मी टूलरूममध्ये जाऊन वाचून दाखवला : दोन्ही पास. माणसांनी आरडाओरडा केला, कोणीतरी रिकाम्या डब्यावर पाना बडवला. नानांनी फक्त विचारलं, "सही कोणाची हाय?"

सही दुसऱ्याच कोणाची होती. खाली दोन ओळी होत्या. आधीच्या प्रशिक्षकांनी विनंती करून आपल्या कुटुंबाच्या गावातल्या कारखान्यात बदली घेतली आहे, यापुढे पत्रव्यवहार माझ्याशी करावा.

नानांनी ते दोनदा वाचून घेतलं. मग हात पुसले, टोपी घातली आणि अर्ध्या दिवसाची रजा मागितली. कारखान्यात सगळ्यात आनंदाचा दिवस, आणि टूलरूमचा प्रमुख रजेवर. मी त्यांच्या मागे गेटपर्यंत गेलो.

"नाना, गावाला कशाला जाता? एसटीडीवरून सांगा की आईला."

"फोनवर तिला माझा आवाज येतो," नाना स्कूटर आडवी करत म्हणाले. "मला तिचं तोंड दिसत नाय ना."

गेटवर वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. मधल्या वेळेत बाहेर जाणाऱ्याला कारण लिहावं लागे. नानांना लिहायचा कंटाळा.

"काय लिहू नाना? घरी काय झालंय?"

"लिही, जपानात एकजण घरी गेला."

नानांनी किक मारली आणि ते निफाडच्या दिशेने निघून गेले. वॉचमन पेन धरून तसाच उभा राहिला. मग हळूच, आवाज उतरवून त्याने मला विचारलं, "वारले का साहेब कोणी?"

"नाही," मी म्हणालो. "घरी गेला म्हणजे घरीच गेला."